कोतवाल बुकातली मृत्यूची कारणं समजून घ्यायचीत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. जातीच्या दाखल्यासाठी कोतवाल बुकाची म्हणजे गाव नमुना १४ ची (गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) नक्कल काढली, पणजोबांच्या भावाची नोंद सापडली पण आता मी त्या पानातच अडकलोय. १९१८ चा ऑक्टोबर, एकाखाली एक नावं, त्यात लेकरं पण आणि ऐन तिशीतली माणसं पण, आणि कारणाच्या रकान्यात सगळ्यांना नुसतं 'ताप'. ती इन्फ्लुएंझाची साथ होती हे उघड आहे, तेव्हा नोंद पाटील-कोतवालाकडे व्हायची, डॉक्टर कुठला बघायला, म्हणून हिवताप काय नि इन्फ्लुएंझा काय सगळं तापातच जायचं.

मला त्याआधीची प्लेगची वर्षं पण बघायचीत. लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहायचे असं आजी सांगायची, आणि हाफकिनची लस तर १८९७ लाच आली होती, मग आपल्याकडे ती टोचायला कोण यायचं, त्याची काही रजिस्टरं उरलीत का? खान्देश जिल्हा १९०६ ला फुटला, त्यामुळे त्याआधीचे कागद धुळ्याला बघायचे की जळगावला? आणि मोडी नीट वाचणारं कोणी जळगाव-चोपडा भागात असेल तर प्लीज सांगा भाऊ, काही पानं अजिबात लागत नाहीयेत.