थंडीत पहाटे गाडी उठता उठत नाही, दुपारी मात्र एका सेल्फला चालू

द्राक्षबाग (निफाड)
नमस्कार मंडळी. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ८६ हजार. डिसेंबर लागला की हिचं दुखणं सुरू होतं. आमच्याकडे पहाटे पारा ८-९ वर येतो, बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि नेमकी तेव्हाच ही अडून बसते. सेल्फ जोरात फिरतो, पण तीन-चारदा मारल्यावर कशीबशी चालू होते. झाली की सगळी बॉडी थरथरते, मिसिंग करते, ॲक्सिलरेटर सोडला की बंद. पाच मिनिटांनी ठणठणीत. पावणेसहाला मुलीला नाशिकला क्लासला सोडायचं असतं. ती दप्तर मांडीवर घेऊन मागे गप्प बसून राहते, जीव तुटतो.

बॅटरी आणि प्लग नवे टाकले, फरक शून्य. गॅरेजवाले आता इंजेक्टर आणि पेट्रोल पंप दोन्ही बदलू म्हणतात. माझ्याकडे मल्टिमीटर आहे. घरच्या घरी आधी काय तपासू?

सोलापूरकर
पंपाचा खर्च करण्याआधी एवढं करा. चावी ऑनला नेऊन दोन-तीन सेकंद थांबा, परत बंद करा, असं तीनदा. मागच्या सीटखालून पंपाचा घूं असा आवाज येईल. मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर रात्रीतून पेट्रोल लाइनचं प्रेशर उतरतंय असं समजा.

द्राक्षबाग (निफाड)
आज पहाटे केलं. आवाज येतो, पण चालू व्हायला तेवढाच त्रास. आणखी एक लक्षात आलं, मार्केटला सहा-सात तास उभी असते तरी दुपारी एका सेल्फला चालू होते.

वायरमन_सातारा
दादा, तुम्हीच निदान सांगितलंत. प्रेशर उतरत असतं तर सात तासांनी दुपारीही नडली असती. हिला थंडीच सोसत नाही. गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं, कार्ब्युरेटरच्या गाड्यांना त्यासाठी आपण चोक ओढायचो. आता ते काम ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर करतो, कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान मोजणारा सेन्सर सांगेल त्यावर. इंजिन कोमट आहे असं चुकीचं कळलं, की चोक न ओढता सेल्फ मारल्यासारखं होतं.

कुणाचा तरी ओबीडी स्कॅनर आणा, तो गाडीच्या कॉम्प्युटरला जोडला की सेन्सरचे आकडे दाखवतो. रात्रभर उभ्या गाडीला, इंजिन चालू न करता, चावी ऑन करून कूलंटचं आणि इंजिनात जाणाऱ्या (इनटेक) हवेचं तापमान बघा. दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास हवेत. कूलंटचा जास्त आला तर सेन्सरचं सॉकेट काढा. बऱ्याच गाड्यांत मग उणे ४० दिसतं. तसं दिसलं तर वायरिंग ठीक, सेन्सर बदला. उणे ४० ऐवजी भलतंच काही दिसलं तर सॉकेटमध्ये किंवा वायरिंगमध्ये करंट गळतोय. सॉकेट काढल्यावर रेडिएटरचा पंखा एकदम सुरू होऊ शकतो, हात लांब ठेवा.

द्राक्षबाग (निफाड)
वायरमनदादा, काय सांगू तुम्हाला! पुतण्याचा स्कॅनर लावला. हवा १० अंश, कूलंट ४०. सॉकेट काढलं तर उणे ४० नाही, चक्क ३०. सॉकेट उलटं करून टॉर्च मारली, तर दोन पिनांच्या मधे पितळेवर चढतो तसा हिरवा कळक, आणि बोटाला चिकट ओल. सेन्सर मीटरवर ३.८ किलोओम दाखवत होता.

वायरमन_सातारा
१० अंशाला ३.८ म्हणजे सेन्सर चांगलाय, बदलू नका. ती ओल दोन पिनांच्या मधे करंटला वाट करून देत होती, म्हणून ईसीएमला रेझिस्टन्स कमी, म्हणजे इंजिन गरम, असं दिसायचं. इंजिन तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स दोन-तीनशे ओमवर येतो, मग त्या गळतीचा फारसा फरक पडत नाही, म्हणून थोड्या वेळाने ठणठणीत व्हायची. दुपारी हवाच उबदार, गाडीला जास्तीचं पेट्रोल फारसं लागत नाही, म्हणून तेव्हा त्रास नव्हता. बॅटरीची वायर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशने साफ करा, पूर्ण वाळू द्या. ओल चिकट आहे म्हणजे कूलंट झिरपतंय. इंजिन गार असताना सेन्सरचं वॉशर बघा.

द्राक्षबाग (निफाड)
साफ केलं, वॉशर नवं टाकलं. आज पहाटे कूलंट ९, हवा ९. पहिल्याच सेल्फला चालू झाली आणि ॲक्सिलरेटर सोडूनही बंद पडली नाही. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, झाली?" आम्ही सहाच्या आत पिंपळगाव फाटा ओलांडला होता.