रेडिओ लॉगबुकातील चूक : पुसावी की दिसेल अशी दुरुस्त करावी?

चर्चाप्रस्ताव (धागाकर्ता)
हौशी रेडिओ केंद्राच्या लॉगबुकात, म्हणजे इतर केंद्रांशी झालेल्या संपर्कांच्या नोंदवहीत, चुकीची नोंद झाली, तर ती पुसू नये आणि तिच्यावर दुसरा आकडाही गिरवू नये; मूळ मजकूर वाचता येईल अशी एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर नोंद करावी व तिथे तारीख आणि आद्याक्षरे घालावीत, असे माझे ठाम मत आहे. आपल्याकडे घोळ होतो तो बहुधा वेळेचा. लॉगमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितात; भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे १५ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता झालेला संपर्क १४ ऑगस्ट, २०:३० असा लिहावा लागतो. पुष्कळ जण वेळ बदलतात, पण तारीख १५ च ठेवतात. अशी नोंद गुपचूप बदलली, तर त्या रात्रीच्या इतर नोंदींतही तीच चूक शिरली आहे का, अशी शंकाही पुढे कोणाला येणार नाही.

प्रतिसाद : लघुलहर
मला हे पटत नाही. लॉग ठेवायचा तो संपर्क कधी व कोणाशी झाला हे कळावे म्हणून. 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' या संपर्क पडताळणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेत दोन्ही केंद्रांच्या वेळा तीस मिनिटांच्या आत जुळाव्या लागतात, बँड म्हणजे वारंवारतेचा पट्टाही जुळावा लागतो. संगणकावरची नोंद सरळ सुधारून पुन्हा पाठवली की काम भागते. जुन्या चुका जपून कोणाचे भले होणार?

प्रतिसाद : टिंबरेघ
लिहिताना झालेली चूक आणि ऐकताना झालेली चूक यांत आपण दोघेही फरक करत नाही आहात. टिंब-रेघांच्या मोर्स लिपीत एस म्हणजे तीन टिंबे, एच म्हणजे चार. सिग्नल क्षणभर बुडाला की एक टिंब जाते आणि कॉल साइन, म्हणजे केंद्राचे ओळखचिन्ह, बदलते. लॉग ही ऐकलेल्याची नोंद असल्यामुळे नंतर यादी पाहून ती 'सुधारणे' मला अप्रामाणिकपणाचे वाटते. सीक्यू वर्ल्डवाइड या हौशी रेडिओ संपर्कांच्या स्पर्धेच्या नियमांतही स्पर्धा संपल्यावर ध्वनिमुद्रण किंवा माहितीसंच पाहून कॉल साइन बदलण्यास मनाई आहे.

प्रतिसाद : धागाकर्ता
स्पर्धेपुरते टिंबरेघ यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. एरवी मात्र समोरच्याचे क्यूएसएल कार्ड (संपर्क झाल्याची पोच देणारे कार्ड) हाती आल्यावर चुकीची कॉल साइन तशीच ठेवणे योग्य नाही. शेऱ्याच्या रकान्यात 'कार्डावरून दुरुस्त' असे लिहिले, तर काय ऐकले आणि काय खरे होते, हे दोन्ही राहते. लघुलहर यांनी ज्या व्यवस्थेचा दाखला दिला, तिच्यातही एकदा चढवलेली नोंद काढून टाकता येत नाही. दुरुस्त नोंद वेगळी जमा होते आणि चुकीची नोंद न जुळता तिथेच राहते.