मदत हवी आहे: ऑफिस सोडून असिस्टंट लोको पायलट व्हायचंय (नाशिक)

मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. अंबडला खरेदी विभागात टेबलावरचं काम करतो. वय 28, ओबीसी. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट (इंजिन चालकाचा सहायक) व्हायचं पक्कं ठरवलंय. डाव्या डोळ्याला किंचित नंबर आहे, लेझर करून घेऊ का? अभ्यासासाठी राजीनामा द्यावा का? पोस्टिंग नाशिकरोडला मिळेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

लोको_लॉबी:
दादा, लेझर अजिबात करू नका! या पदाला ए-1 वैद्यकीय दर्जा लागतो. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना 6/6 दिसलं पाहिजे, आणि लेसिक (लेझरने नंबर घालवणं) झालेला उमेदवार सरळ अपात्र ठरतो. किंचित नंबर असूनही काहींना 6/6 दिसतं, त्यामुळे आधी डोळे तपासा, पुस्तकं नंतर.

डॉक्टरांना नुसतं 'नंबर बघा' म्हणू नका, फॉगिंग टेस्ट करायला सांगा. डोळ्यासमोर +2 ची काच धरतात. त्या काचेतून अक्षरं धूसर व्हायला हवीत. तरीही 6/6 ची ओळ स्वच्छ वाचता आली, तर डोळ्यात प्लसचा नंबर लपलेला आहे आणि तुम्ही नापास. तरुण वयात डोळ्याचे स्नायू हा नंबर झाकून ठेवतात, म्हणून आयुष्यात कधी चष्मा न लागलेली मुलंही इथे अडकतात. मग रंग ओळखण्यासाठी इशिहाराची ठिपक्यांची पानं, रात्रीची दृष्टी वगैरे. ही मेडिकल अगदी शेवटी येते, तोवर सगळ्या परीक्षा देऊन झालेल्या असतात. फार वाईट वाटतं अशा मुलांचं.

रुळावर:
परीक्षेचं सांगतो. पहिली सीबीटी (संगणकावरची परीक्षा) 75 प्रश्न, 60 मिनिटं. दुसरीत भाग अ 100 प्रश्न, 90 मिनिटं. भाग ब 75 प्रश्न, 60 मिनिटं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. भाग ब तुमच्या ट्रेडचा असतो. डिप्लोमावाल्यांना फॉर्ममध्येच आयटीआयचा एक ट्रेड निवडावा लागतो, आणि प्रश्न आयटीआयच्या अभ्यासक्रमातून येतात. फिटर घेतलात तर व्हर्निअर, फाइल, लिमिट-फिट यांची उजळणी करा. तिथे 35 टक्के सगळ्यांनाच लागतात, आरक्षणाची सवलत नाही.

खरी गाळणी सीबीएटी, म्हणजे संगणकावरची कल चाचणी. स्मरण, सूचना पाळणं, अंतर-खोलीचा अंदाज, एकाग्रता, आकलनाचा वेग अशा पाच चाचण्या असतात आणि प्रत्येकीत किमान 42 टी-स्कोअर (इतरांच्या तुलनेत काढलेले गुण) हवा. चारमध्ये उत्तम आणि एकीत 41 म्हणजे बाहेर. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे सोडून देऊ नका. सराव कागदावर नको, संगणकावर घड्याळ लावून करा. विहित नमुन्यातलं दृष्टीचं प्रमाणपत्र याच दिवशी सोबत लागतं.

2025 च्या जाहिरातीत वयोमर्यादा 18 ते 30 होती, ओबीसींना 3 वर्षं जास्त. पण जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला आणि नॉन-क्रिमिलेअरचा लागतो. राज्याचा दाखला घेऊन गेलेले कागदपत्र तपासणीत अडकतात.

राजीनामा? नेमणुकीचं पत्र हातात येईपर्यंत नाही. जाहिरात ते रुजू यात वर्ष सहज जातं.

लोको_लॉबी:
पोस्टिंग आपल्या हातात नसतं. एका वेळी एकाच आरआरबीला (रेल्वे भरती मंडळाला) अर्ज करता येतो. मुंबई निवडून मध्य रेल्वे मिळाली, तरी मुख्यालय भुसावळ असू शकतं आणि मुख्यालयाजवळच राहावं लागतं. नाशकातून येऊन-जाऊन ही नोकरी होत नाही.

सुरुवात वेतनश्रेणी लेव्हल 2, मूळ पगार 19,900, वर किलोमीटरचा भत्ता. 8 तास किंवा जास्त ड्यूटी झाली की मुख्यालयात 16 तास विश्रांती. रविवार, दिवाळी असं काही धरायचं नाही. रात्री दोनला बोलावणं आलं की लॉबीत (चालकांच्या हजेरीच्या कार्यालयात) जाऊन दारूसाठीची श्वासचाचणी, साइन ऑन म्हणजे हजेरी, मग इंजिन. भर पावसात 58 वाघिणींच्या (डब्यांच्या) मालगाडीचा ब्रेक पाइप सुटला, तर टॉर्च घेऊन खडीवरून मागे चालत जाणारा असिस्टंटच असतो. घरच्यांना हे आत्ताच सांगा.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. शनिवारी फॉगिंग टेस्ट करून घेतो. डोळे या दर्जात बसले नाहीत तर?

रुळावर:
ज्युनिअर इंजिनिअरची जाहिरात बघा. डिप्लोमा चालतो, लेव्हल 6, काही पदांना चष्माही चालतो. नाशिकरोडला ट्रॅक्शन मोटर्सचा (इंजिन ओढणाऱ्या विजेच्या मोटर्सचा) रेल्वे कारखाना आहे, विनंती-बदलीने पुढेमागे तिथे येता येतं.