‘मानवीकरण’, ‘माणुसकी’ आणि ‘अर्थपूर्ण’ : संस्थेच्या कामासाठी नेमका शब्द कोणता?

मालवण :
आमच्या बचतगटांच्या ग्रामसंघासाठी एका इंग्रजी प्रशिक्षण-पुस्तिकेचे मराठी रूपांतर मी करीत आहे. संस्थेचा कारभार नोंदवह्या आणि ठराव यांच्यापुरता उरू नये, तिथे येणाऱ्याला आपली माणूस म्हणून दखल घेतली जाते असे वाटावे आणि आपल्या येण्याने काही साधते असेही वाटावे, हा एका प्रकरणाचा विषय आहे. मी मथळा केला, ‘संस्थेचे मानवीकरण आणि अर्थपूर्ण सहभाग’. बैठकीत तो वाचून दाखवताच सुकी मासळी विकणाऱ्या एका काकींनी मागून विचारले, “मानवीकरण करूचा? मगे आतापावत आमी कोण होतव?” हशा ओसरतो न ओसरतो तोच खजिनदार ताई म्हणाल्या, की ‘अर्थपूर्ण’ हा शब्द हिशेबाच्या वहीजवळसुद्धा नको. दोन्ही शब्द कोशाच्या दृष्टीने बिनचूक असूनही सभेत पडले. पर्याय सुचवावेत.

गुहागर :
खजिनदार ताईंचे बरोबर आहे. ‘अर्थ’ म्हणजे आशय आणि ‘अर्थ’ म्हणजे पैसाही. अर्थमंत्री आणि अर्थसंकल्प त्यातलेच. वर्तमानपत्रांनी ‘अर्थपूर्ण व्यवहार’, ‘अर्थपूर्ण चर्चा’ असे अवतरणात छापून छापून त्या शब्दाला टेबलाखालचा वास लावून ठेवला आहे. ‘सार्थक’ म्हणावे, तर ते आपल्याकडे काशीयात्रा झाल्यावर किंवा धाकटीचे लग्न पार पडल्यावर होते. दर मंगळवारच्या बैठकीत कोणाच्या जन्माचे सार्थक व्हायचे? ‘मानवीकरण’ हा तर कवितेच्या रसग्रहणातला शब्द आहे. निर्जीव वस्तूवर माणसाच्या भावना लादल्या की त्याला आपण मानवीकरण म्हणतो, तेव्हा काकींची शंका भाषाशास्त्राच्याही कसोटीला उतरते.

रत्नागिरी :
सभेत हशा झाला म्हणून शब्द टाकायचा, हा न्याय मला मान्य नाही. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात याच रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांच्या भाषाशुद्धीतले ‘दिनांक’ आणि ‘महापौर’ आज शिपायापासून न्यायाधीशापर्यंत सगळे वापरतात. नवा शब्द पहिल्यांदा कानाला टोचतोच. ‘मानवीकरण’ नको असेल, तर ‘मानवता’ आहे. तो तत्सम आहे, भारदस्त आहे आणि साऱ्या भारतीय भाषांना समजणारा आहे.

देवगड :
‘मानवता’ भारदस्त आहे हीच तर त्याची अडचण आहे. ‘मानवतेच्या दृष्टिकोनातून विचार व्हावा’ असे आपण अर्जात लिहितो, पण शेजाऱ्याने रात्री रिक्षा काढून दवाखान्यात पोहोचवले तर ‘त्याने मानवता दाखवली’ असे घरी सांगत नाही. ‘माणुसकी दाखवली’ असेच म्हणतो. माणुसकी दाखवायला समोर माणूस लागतो.

एक उदाहरण देतो. आमच्या वडिलांचा रापणीत वाटा होता. होडीने जाळे समुद्रात अर्धगोल टाकायचे आणि किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर सगळ्यांनी मिळून ओढायचे, ही रापण. खर्च वजा जाता मासळीच्या पैशांचे वाटे पडत. पाठीच्या दुखण्यामुळे एका म्हाताऱ्या रापणकरांना दोर ओढवत नसे. ते येत, दोराला नुसता हात लावून उभे राहत आणि संध्याकाळी त्यांचा वाटा इतरांच्या वाट्यांबरोबरच वाळूवर पडे. मी एकदा, वय वर्षे दहा, बोललो की यांनी तर काहीच केले नाही. वडील मला काही बोलले नाहीत, पण त्यांनी तो वाटा माझ्याच हाती देऊन त्यांच्या घरी पोचवायला पाठवले. वाटेत शाळेतून येणारी मुले दोराला लटकली, तर त्यांनाही “हात लायलस, वाटो घेवन जा” म्हणून दोन बांगडे मिळत. त्या मंडळींपैकी कोणाच्या तोंडी ‘माणुसकी’ हा शब्द मी ऐकला नाही. त्यांचा शब्द ‘वाटा’ होता.

महाड :
प्रसंग सुंदर आहे, पण ‘माणुसकी’चा अर्थ दयेपुरता आक्रसू देऊ नये. आमच्या गावच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्यायले, ते तहान लागली म्हणून नव्हे. इतरांसारखीच आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी प्यायले. त्या चळवळीत ‘माणुसकीचे हक्क’ हा प्रयोग रूढ होता. तिथे माणुसकी ही कोणी दाखवायची गोष्ट नाही, ती आपली आपण घ्यायची गोष्ट आहे. माझे तर असे मत आहे, की हा अर्थ शब्दाच्या घडणीतच आहे : पाटलाचे वतन ती पाटीलकी, गावाचा अधिकार ती गावकी, तशी माणूस म्हणून जन्मल्यामुळे मिळालेले वतन ती माणुसकी. त्या काकींनी नेमके तेच वतन मागितले.

रत्नागिरी :
व्युत्पत्ती मोहक आहे, म्हणूनच तिच्यापासून जपून राहावे. ‘आपुलकी’ कोणाचे वतन आहे? ‘हुशारकी’ कोणत्या सनदेने मिळते? ‘-की’ हा भाववाचक प्रत्यय आहे. तो हक्कालाही लागतो आणि गुणालाही.

महाड :
‘आपुलकी’चे उदाहरण तुम्हीच दिलेत ते बरे झाले. आपुलकी आपल्यांपुरती असते आणि आपले कोण हे भावकी ठरवते. आमच्याकडे पूर्वी आपुलकीची कमतरता नव्हती, तळ्यावर मात्र बंदी होती. संस्थेच्या पुस्तिकेत ‘आपुलकी’ घालणार असाल, तर हे लक्षात असू द्यावे.

गुहागर :
थोडे विषयाला धरूनच विचारतो. सिंधुदुर्गातील मंडळी ‘गाऱ्हाणे घालणे’ म्हणतात, त्याचा अर्थ देवासमोर सगळ्यांच्या वतीने मागणे मांडणे असा आहे, हे मला नोकरीनिमित्त कुडाळला गेल्यावर कळले. तोपर्यंत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार, एवढेच ठाऊक होते आणि पहिल्याच जत्रेत, देवाकडे इतक्या तक्रारी कशाला, असे विचारून मी हसे करून घेतले. एकाने सर्वांसाठी बोलायचे आणि प्रत्येक मागण्यावर सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे, यापेक्षा जिवंत सहभाग कोणत्या बैठकीत असतो?

मालवण :
गाऱ्हाण्याचे अगदी खरे आहे, पण आमच्या संघात तीन धर्मांच्या बाया आहेत. तूर्त मी ‘मानवीकरण’ काढून ‘सभासदांची विचारपूस’ असे लिहिले आहे, कारण प्रकरणात प्रत्यक्ष सांगितले आहे ते एवढेच, की सलग दोन बैठकांना न आलेल्या बाईला दंडाची पावती पाठवण्याआधी कोणीतरी तिच्या घरी जाऊन यावे. ‘अर्थपूर्ण’चे काय करायचे, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही आणि सोमवारी मजकूर छापखान्यात द्यायचा आहे.

रत्नागिरी :
विचारपूस आजाऱ्याची करतात.

देवगड :
आणि पाहुण्याचीही करतात. ‘अर्थपूर्ण’ गाळूनच टाकावा. ‘सहभाग’ या शब्दात ‘भाग’ आहे, म्हणजे वाटा आहे. तो पुरेसा आहे.

रत्नागिरी :
‘सहभाग’ हाच मुळात इंग्रजीवरून पाडलेला शब्द आहे, त्याबद्दल सविस्तर उद्या लिहितो.