अमेरिकेतले पहिले पक्ष: मॅडिसन आधी फेडरलिस्ट, मग विरोधक कसा?

वाचनखूण: १७८७-८८ मध्ये नवी राज्यघटना मंजूर व्हावी म्हणून हॅमिल्टन आणि मॅडिसनने मिळून लेख लिहिले. चार-पाच वर्षांत दोघं एकमेकांविरुद्ध उभे. मग फेडरलिस्ट पक्ष म्हणजे घटनेचे समर्थकच ना? दुसरं, १८०० मध्ये जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा बर यांना सारखी मतं कशी पडली? इतका सरळ घोळ कुणाच्या लक्षात आला नाही?

दप्तरखाना: नाव एकच, गट वेगळे. १७८८ चे फेडरलिस्ट म्हणजे घटनेला पाठिंबा देणारे, त्यात मॅडिसन होताच. फेडरलिस्ट पक्ष जमला तो अर्थमंत्री हॅमिल्टनच्या धोरणांभोवती, १७९० नंतर. जानेवारी १७९० च्या अहवालात त्याने केंद्राचं सुमारे ५.४ कोटी डॉलरचं कर्ज पूर्ण किमतीने फेडायचं आणि राज्यांचं युद्धकर्जही केंद्राने घ्यायचं असं मांडलं. मॅडिसनचे आक्षेप दोन. सैनिकांनी गरजेपोटी कर्जरोखे कवडीमोलाने विकले होते. पूर्ण पैसे आता ते विकत घेणाऱ्या सट्टेबाजांना मिळणार होते. आणि व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडून टाकलं होतं, तिने इतरांचा भार का उचलायचा? राज्यांच्या कर्जाचा मुद्दा राजधानी पोटोमॅकच्या काठी नेण्याच्या तडजोडीवर मिटला. पण १७९१ मध्ये १ कोटी डॉलर भांडवलाची हॅमिल्टनची राष्ट्रीय बँक आली आणि ‘घटनेत असा अधिकार कुठे आहे?’ हा वाद कायमचा होऊन बसला.

जेफरसन-मॅडिसनचे लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणवत. आजच्या रिपब्लिकन पक्षाशी त्यांचा संबंध नाही, तो १८५४ चा.

उंबरठा: यात जॉन जे याने केलेल्या कराराची (‘जे करार’) भर घालायलाच हवी. कर्ज आणि बँक हे राजधानीतले वाद होते, ब्रिटनशी झालेल्या या कराराने ते गावोगाव पोचवले. १७९५ मध्ये सिनेटमध्ये तो २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाच्या काठावर पार पडला. पुढच्या वर्षी प्रतिनिधिगृहात त्याच्या खर्चाची तरतूद ५१-४८ अशी जेमतेम मंजूर झाली. आधीच्या मतदानांत बरेच सदस्य इकडून तिकडे जात, इथे मात्र रांगा स्पष्ट दिसतात. पक्ष ‘स्थापन’ झाल्याची तारीख शोधू नका, मिळणार नाही.

कलम दोन: बरोबरीबद्दल. मूळ पद्धत अशी: प्रत्येक इलेक्टर (अध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेला प्रतिनिधी) दोन नावं लिहिणार, त्यातलं किमान एक दुसऱ्या राज्यातलं. अध्यक्षासाठी कोणतं, उपाध्यक्षासाठी कोणतं, हे लिहायची सोयच नाही. इलेक्टरांच्या एकूण संख्येच्या निम्म्याहून जास्त मतं मिळवणाऱ्यांत जो पहिला तो अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. पक्ष नसतील असं धरून केलेली ही रचना.

१७९६ मध्ये फेडरलिस्ट ॲडम्स ७१, रिपब्लिकन जेफरसन ६८, ॲडम्सचा जोडीदार पिंकनी ५९. पिंकनी ॲडम्सच्या पुढे जाऊ नये म्हणून न्यू इंग्लंडमधल्या काही फेडरलिस्टांनी त्याचं नाव गाळलं, आणि उपाध्यक्षपद थेट विरोधकाकडे गेलं. तिकडे व्हर्जिनियाच्या २१ इलेक्टरांपैकी फक्त एकाने जेफरसनच्या जोडीदाराला, बरला, मत दिलं. हा सल बरच्या माणसांना विसरता आला नाही. त्यामुळे १८०० मध्ये रिपब्लिकनांवर ‘आमच्या माणसाला गाळू नका’ असा दबाव होता.

इलेक्टर आपापल्या राज्यात एकाच दिवशी मतं देत. बरोबरी टाळायला बरचं एक मत दुसरीकडे टाकायचं कुणी, हे ऐन वेळी कळवायला साधन नाही. दुसरं राज्य टाकेल असं प्रत्येकाने धरलं. जास्त मतं गाळली असती तर ॲडम्स पुन्हा वर आला असता. निकाल: जेफरसन ७३, बर ७३. फेडरलिस्टांनी मात्र ऱ्होड आयलंडचं एक मत जॉन जेला देऊन ॲडम्स ६५, त्याचा जोडीदार ६४ असं नीट जमवलं होतं, म्हणजे लक्षात कुणाच्याच आलं नव्हतं असं नाही.

बरोबरीमुळे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला: १६ राज्यं, प्रत्येकाला एक मत, जिंकायला ९. जेफरसनकडे ८, बरकडे ६, व्हर्माँट आणि मेरीलँड दुभंगलेली. फेब्रुवारी १८०१ मध्ये ३६ फेऱ्या झाल्या. डेलावेअरचा एकमेव सदस्य, फेडरलिस्ट बेयार्ड याने कोंडी फोडली असं नेहमी लिहितात. त्याने पाऊल मागे घेतलं हे खरं, पण त्याचं मत कोरंच होतं. आकडा हलला तो व्हर्माँट आणि मेरीलँडमधले फेडरलिस्ट बाजूला झाल्यामुळे: १०-४, दोन कोरी. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीने दोन्ही पदांची मतं वेगळी केली.

उंबरठा: यात एक गोष्ट सुटते. व्हर्जिनियात १७९६ मध्ये मतदारसंघवार निवडीमुळे ॲडम्सला एक मत गेलं होतं. १८०० साठी तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून सगळी मतं एकाच यादीला जातील असं केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये फेडरलिस्टांनी निवड मतदारांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. बाराव्या दुरुस्तीने मतपत्रिका सुधारली, पण इलेक्टर कसे निवडायचे हे राज्यांच्याच हातात राहिलं, आणि ‘जिंकणाऱ्याला सगळी मतं’ ही पद्धत पुढे बहुतेक राज्यांनी उचलली.