पिंजऱ्यातील बिबट्याच्या कोरोना तपासणीबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. मी नाशिकमध्ये जखमी व पकडलेल्या वन्यप्राण्यांच्या उपचारात पशुवैद्यकांचा मदतनीस म्हणून काम करतो. निफाडकडील उसाच्या फडातून पकडलेली एक बिबट मादी सध्या आमच्याकडे आहे. तिच्या नाकातून पाणी गळते, मधूनच कोरडी ढास लागते आणि रात्री ठेवलेले मांस सकाळी नुसते चाटलेले दिसते. तिचे खाणेपिणे पाहणारा सहकारी याच सुमारास तापाने आजारी पडला व त्याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणून ही विचारणा.

माणसाकडून मार्जारकुळातील मोठ्या प्राण्यांना हा संसर्ग होतो, यात आता शंका उरलेली नाही. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंह बाधित निघाले आणि बरेही झाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूर येथे मात्र नीला नावाची सिंहीण दगावली.

अडचण नमुन्याची आहे. नाका-घशाचा स्वॅब घ्यायचा तर भूल द्यावी लागणार, आणि श्वसनाचा त्रास असलेल्या प्राण्याला केवळ तपासणीसाठी भूल देणे आमच्या डॉक्टरांना पटत नाही, मलाही नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एप्रिल २०२० मध्ये नादिया या वाघिणीला भूल देऊन नमुने घेतले होते, पण तिच्यानंतर इतर वाघ-सिंहांचे निदान विष्ठेवरून झाले. तसे येथे करायचे असल्यास विष्ठा किती ताजी हवी, ती कशात साठवावी आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेकडे पाठवण्याची प्रक्रिया काय, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? एका परिचितांनी मांजरांसाठी मिळणारा कोरोना किट सुचवला, परंतु तो मांजरांच्या निराळ्या कोरोना विषाणूसाठी असतो, त्यामुळे येथे निरुपयोगी आहे.

खरे तर मला कोविडपेक्षा डिस्टेंपरची, म्हणजे कुत्र्यांकडून पसरू शकणाऱ्या विषाणूजन्य आजाराची, धास्ती जास्त वाटते. २०१८ मध्ये गीरमधील सिंहांच्या मृत्यूंमागे त्याचा विषाणू आढळला होता, आणि आमच्या मादीच्या परिसरात मोकाट कुत्री भरपूर आहेत. एकाच नमुन्यावर दोन्ही तपासण्या होतात का?

तसेच, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने विकसित केलेली व जून २०२२ मध्ये जाहीर झालेली अँकोव्हॅक्स ही प्राण्यांसाठीची कोविड लस बिबट्यांसाठीही सुरक्षित असल्याचे तेव्हा सांगितले होते. शेजारच्या पिंजऱ्यांतील निरोगी बिबट्यांसाठी ती आज मिळू शकते का? त्यांपैकी एकाला लवकरच जंगलात सोडायचे आहे. मादीचा अहवाल येईपर्यंत ते थांबवावे, असे माझे मत आहे. जाणकारांनी कृपया लिहावे.