फोनवर वायफाय मस्त, लॅपटॉपवर सारखं तुटतंय. एक्स्टेंडर घेऊ का?

साखरपेठकर
घर जुनं आहे, साखर पेठेत. राउटर खाली बैठकीत, मी माडीवर बसतो. मधे जाडजूड दगडी भिंत. फोनवर माडीवरही व्हिडिओ अडकत नाही, पण लॅपटॉपचं वायफाय मधूनच जातं. झाकण लावून जेवून आलो की हमखास. विंडोज ११ आहे. नेटवाल्यांचा माणूस राउटर बंद-चालू करून गेला. दुकानदार म्हणतो राउटरचा सिग्नल पुढं वाढवणारा एक्स्टेंडर लावा. बाबा म्हणतात, मागच्या बोळातले यंत्रमाग सुरू झाले की जातं. दोन हजारांच्या आत काय घेऊ?

हुरडापार्टी
एक्स्टेंडर घ्या डोळे झाकून. आमच्याकडं झकास चालतंय.

वायरवाले_काका
डोळे झाकून काही घेऊ नका हो मालक. माग सुरू झाल्यावर व्होल्टेज पडून राउटर बंद पडत असता, तर फोनचंही वायफाय त्याच क्षणी गेलं असतं. त्याच जागी फोन चालतोय म्हणजे संशय लॅपटॉपवर.

पुढच्या वेळी तुटलं की लगेच काही बंद-चालू करू नका. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून लॅपटॉपला पत्ताच मिळालेला नाही. नीट मिळाला असेल तर तिथंच डिफॉल्ट गेटवे म्हणून राउटरचा पत्ता दिसेल, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तसाच काही. त्याला पिंग करा, म्हणजे तिथंच 'पिंग' आणि पुढं तो पत्ता देऊन उत्तर येतं का बघा. मग ८.८.८.८ ला, हा बाहेरचा गूगलचा सर्व्हर. राउटरच उत्तर देत नसेल तर भानगड लॅपटॉप आणि राउटरच्या मधली. राउटर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर बाहेरची लाइन. दोन्ही देतात आणि तरी साइट उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा.

जुळे_सोलापूरकर
काका बरोबर, पण आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा बे. वायफाय लुळं पडलं की फोन गुपचूप डेट्यावर जातो, आणि आपण म्हणतो फोनवर मस्त!

साखरपेठकर
डेटा बंद करून बघितलं, फोन तरी चालतोय. लॅपटॉपवर पत्ता नीट होता, पण राउटरच उत्तर देत नव्हता.

वायरवाले_काका
मग दोन गोष्टी. झाकण लावल्यावर जातं त्यासाठी डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमचं वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. वीज वाचवायला कार्ड बंद करू द्यायची टिकमार्क काढा. काही नव्या लॅपटॉपमध्ये तो टॅबच दिसत नाही; तसं असेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून वायफायचा ड्रायव्हर नवा घाला.

दुसरं, राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन लहरी (बँड) एकाच नावानं सोडत असेल. ५ वेगवान, पण दगडी भिंतीत दम तोडतो. २.४ सावकाश, पण भिंतीतून जास्त पोचतो. फोन वेळेवर २.४ वर उतरत असेल आणि लॅपटॉप ५ लाच चिकटून बसत असेल. कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' असेल तर २.४ करा. नसेल तर राउटरमध्ये दोघांची नावं वेगळी ठेवा. राउटरमध्ये २.४ चा चॅनेल १, ६ किंवा ११ पैकीच घ्या, हे तिघे एकमेकांवर चढत नाहीत. पेठेत घराला घर लागून असतं, शेजाऱ्यांचे राउटर बहुतेक त्याच गर्दीत असतात.

हुरडापार्टी
एवढं करण्यापेक्षा एक्स्टेंडर सोपा की वो.

जुळे_सोलापूरकर
सोपा आहे, पण साधा एक्स्टेंडर त्याच लहरींवर घेतो नि त्याच्यावरच पुढं देतो, वेग साधारण निम्मा होतो. शिवाय जिथं सिग्नल पडलाय तिथंच लावला तर तो तरी काय पुढं देणार? ठेवायचा तर जिन्याच्या निम्म्यावर.

साखरपेठकर
टिकमार्क काढल्यापासून जेवणानंतरचं तुटणं बंद. २.४ केल्यावर दुपारीही टिकतंय, आणि माग दणाणत होते तेव्हाही. बाबांना अजून पटलेलं नाही. पण ऑफिसच्या मीटिंगमध्ये चेहरे थोडे गोठतात.

वायरवाले_काका
मग पैसे तिथं घाला. कॅट ६ केबल राउटरपासून माडीपर्यंत. १०० मीटरपर्यंत चालते, तुमच्या घराला त्यातली थोडीच लागेल. भिंत फोडू नका, खिडकीच्या चौकटीतून न्या, बाहेर ऊन-पावसाला पाइप घाला. लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे ही केबल खुपसायचं भोक आहे का ते बघून या, नसलं तर यूएसबीचं अडॅप्टर लागेल.

साखरपेठकर
भोक आहे. उद्या केबल बघायला जातो.